बीच + सफारी एकाच ट्रिपमध्ये: श्रीलंका की झांझिबार? (गोव्याहून, मे महिना, आईबाबा आणि पोरांसकट)

फोंडेकर_नंदू
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज धागा काढतोय, सांभाळून घ्या. घरात सध्या एकच विषय चालू आहे, मे महिन्याची सुट्टी. आम्ही सहा जण. मी, बायको, मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत आणि आईबाबा. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आईला बीपी आहे पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त. मुलाला हत्ती आणि बिबट्या जंगलात बघायचेत, बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयातलं चालणार नाही म्हणतो. मुलीला स्नॉर्कलिंग पाहिजे. बायकोला असं बेट पाहिजे जिथं तिला गॅस पेटवावा लागणार नाही. आणि आईबाबांचं म्हणणं, वाटेत एखादं देऊळ असलं की झालं.

एका ट्रॅव्हलवाल्याने टांझानिया सफारी अधिक झांझिबार असं पॅकेज दिलंय, मे मध्ये 'खास सवलत' म्हणे. दुसऱ्याने श्रीलंका दिलंय, 'याला' नावाचं जंगल आणि मिरिस्साचा किनारा. दोघंही आपलंच बेस्ट म्हणतात. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, काय निवडू?

सुशेगाद_बाब
गोंयचो मनीस पयशे खर्चून दर्या पळोवंक वता? दोतोराक दाखय रे.

पेडण्याची_पोर
हसा हसा. बाब, तुम्ही मागच्या डिसेंबरात बागा-कळंगुटला गेला होतात का? गाडी लावायला जागा नाही, वाळूवर शॅकच्या खाटा, आणि आपल्याच गावात आपण पाहुण्यासारखे उभे. आमच्या घरी बीचवर जायचं म्हणजे पावसाळ्यात, तेही लांबून बघायचं. मग माणसाला वाटतं की जावं कुठंतरी जिथं आपल्याला कोणी 'भैया रूम चाहिए क्या' विचारणार नाही. नंदूदादा तुम्ही जाच.

रानवाट
नंदू, देश नंतर ठरव, आधी महिना बघ. तुझा महिना मे आहे आणि तो तू बदलू शकत नाहीस कारण शाळा. आणि दोन्ही ट्रॅव्हलवाल्यांनी तुला मे मध्ये नको तीच जागा दिलीय, म्हणूनच सवलत.

टांझानियात मार्च ते मे हा मोठा पाऊस. झांझिबारला एप्रिल-मे मध्ये कितीतरी हॉटेलं सरळ बंद असतात, रंगरंगोटी करून जूनला उघडतात. श्रीलंकेत दोन मान्सून आहेत हे कोणी सांगत नाही. मे पासून नैऋत्य मोसमी पाऊस त्यांच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर येतो, आपल्याकडे यायच्या थोडा आधी. म्हणजे मिरिस्सा, उनावटुना, बेंटोटा, हिक्काडुवा या सगळ्या बाजूला समुद्र खवळलेला, लाल बावटे. मिरिस्साचे देवमासे बघायचा सीझनही नोव्हेंबर ते एप्रिल. पण त्याच वेळी डोंगरांच्या पलीकडचा पूर्व किनारा कोरडा असतो. त्रिंकोमाली, पासीकुडा, अरुगम बे, इथला सीझन मे ते सप्टेंबर. समुद्र सपाट.

तेव्हा मे मध्ये जायचं तर श्रीलंकाच, पण पूर्वेकडून. डिसेंबर-जानेवारी असता तर दक्षिण किनारा म्हटलं असतं. जुलै-ऑगस्ट असता आणि खिसा जड असता तर आफ्रिका.

मडगांवची_मावशी
+१ रानवाट. आणि जुलै-ऑगस्टचं कोणी मनात आणू नका, गणपतीची चवथ येते. चवथीला घर सोडून सफारीला गेलो असतो तर सासूबाईंनी मला गणपतीवरच्या माटोळीलाच टांगलं असतं.

किलिमांजारो_कुडचडें
थांबा थांबा, आफ्रिकेची बाजू कोणीच मांडत नाहीये. जनावरं बघायची असतील तर आफ्रिकाच, बाकी सगळं तोंडी लावणं. गोरोंगोरोच्या विवरात उतरलात की सिंह, म्हशी, झेब्रे, नशीब असेल तर गेंडासुद्धा, सगळं एका थाळीत. सेरेंगेटीत तर क्षितिजापर्यंत विल्डबीस्ट. श्रीलंकेत सिंह फक्त झेंड्यावर आहे हो!

आता मे बद्दल. पाऊस असतो हे खरं, पण दिवसभर संततधार नसते, गवत हिरवंगार, गाड्यांची गर्दी जवळजवळ नाही आणि दर खाली. मला स्वतःला ते आवडलं. मात्र काही ठिकाणी काळी माती आहे, गाडी रुतली की तास-दोन तास तिथंच, आणि खाली उतरून ढकलायचं धाडस करू नये हे वेगळं सांगायला नको. विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतानाचे ते प्रसिद्ध व्हिडिओ बघून जाणार असाल तर ते मे मध्ये दिसणार नाही, मारा नदीचं ते सगळं साधारण जुलै ते ऑक्टोबर. पिल्लं जन्मायचा काळ जानेवारी-फेब्रुवारी-मार्च, तो दक्षिणेला न्डुटूच्या बाजूला.

खर्च मात्र खर्चच. सेरेंगेटीची नुसती प्रवेश फी मोठ्या माणसाला दिवसाला सत्तर डॉलरच्या घरात, वर कर. गाडी, गाइड, राहणं वेगळं. चार मोठी माणसं आहेत तुमच्यात, गुणाकार करा.

फोंडेकर_नंदू
गुणाकार केला. बायकोला अजून दाखवला नाही.

किलिमांजारो भाऊ, बाबांच्या गुडघ्यांचं काय? अरुशाहून सेरेंगेटी रस्त्याने किती लागतं?

किलिमांजारो_कुडचडें
सात-आठ तास धरा, शेवटचा बराचसा भाग कच्चा. गाडीचं छप्पर वर उचलतं आणि उभं राहून बघायचं असतं, गुडघेवाल्या माणसाला सीटवर बसून खिडकीतूनही दिसतं पण मजा अर्धी. छोट्या विमानाने जाता येतं, तिथं १५ किलोची मर्यादा, तीही मऊ बॅगेत, कडक सुटकेस घेत नाहीत. आईंना सांगा लोणच्याची बरणी घरीच. अजून एक, त्सेत्से नावाची माशी असते, चावली की बैल चावल्यासारखं वाटतं. तिला निळा आणि काळा रंग फार आवडतो. आमच्यातला एक जण नवीकोरी नेव्ही ब्लू टीशर्ट घालून आला होता, गाइडने त्याला गाडीत सगळ्यांपासून लांब बसवलं. 😀

केरीचो_माड
मला एक कळत नाही, झांझिबारला गेलेला प्रत्येक माणूस 'स्पाइस टूर'चे फोटो टाकतो. फोंड्याचा माणूस विमानाने समुद्र ओलांडून, डॉलर मोजून, लवंग आणि जायफळ झाडावर कसं दिसतं ते बघणार. आमच्या केरी-सावईवेऱ्याला या, मी फुकट दाखवतो, वर शहाळं देतो.

सुशेगाद_बाब
शहाळ्यात काय घालून?

केरीचो_माड
ते संध्याकाळी सातनंतर आलात तर सांगतो.

वास्कोकार_डॉक्टर
जरा कामाचं बोलतो. आफ्रिकेचा विचार असेल तर पिवळ्या तापाची लस आधी बघा. केनियात गेलात तर परत येताना भारतात ते पिवळं कार्ड दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस घेतल्यावर कार्ड लागू होतं ते दहा दिवसांनी, तेव्हा निघायच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. टांझानियाला नैरोबीवरून विमान बदलून जाणार असाल तरी कार्ड जवळ ठेवा, मधल्या थांब्याचे तास मोजतात. गोव्यात ही लस मुरगाव पोर्ट हेल्थकडे, आपल्या वास्कोला मिळते, आधी फोन करून वार विचारा. एकदा घेतली की जन्मभर चालते, २०१६ पासून तसा नियम झाला. साठीच्या वर वय असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, नंदूंच्या आईबाबांसाठी हे मुद्दाम सांगतोय. शिवाय टांझानियात मलेरियाच्या गोळ्या. श्रीलंकेत ही भानगड नाही, २०१६ मध्येच तो देश मलेरियामुक्त जाहीर झाला. डेंग्यू मात्र आहे, संध्याकाळी पूर्ण बाह्या.

फिरंगी_नाका
डॉक्टरांनी केनिया काढलाच आहे तर, मोंबासा कोणीच कसं सुचवलं नाही? शहराचा जुना भाग अख्खा बेटावर आहे, खाली डियानीचा पांढरा किनारा, आणि त्सावोचं जंगल रस्त्याने काही तासांवर. नैरोबीहून २०१७ पासून नवीन रेल्वे आहे, ती त्सावोतूनच जाते आणि डब्यात बसून हत्ती दिसतात, लाल मातीत लोळून लालभडक झालेले.

आणि गोव्याच्या माणसाने मोंबासाचा फोर्ट जीझस बघावाच. पोर्तुगीजांनी १५९३ ला बांधायला घेतला, कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडे. ओमानी अरबांनी वेढा घातला, जवळजवळ तीन वर्षं तो चालला, १६९८ मध्ये किल्ला पडला. गोव्याहून कुमक पोचली तेव्हा वर झेंडा अरबांचा.

पेडण्याची_पोर
म्हणजे तेव्हाही गोव्याहून कनेक्टिंग लेटच. 😂

मडगांवची_मावशी
😂😂 माझ्या काकांचं अर्धं आयुष्य नैरोबीत गेलं. आफ्रिकेहून आले की सगळा गाव जमायचा, आणि आम्ही पोरं विचारायचो सिंह पाहिला का, तर म्हणायचे 'सिंह कसला बाय, मी ऑफिसात बसायचो'.

म्हादईचो_वाघ
सगळं वाचलं. एक विचारू का, रागावू नका. चोडणला कोण कोण गेलंय हात वर करा. पक्ष्यांचं सलीम अली अभयारण्य, बेट आहे, खारफुटी आहे, होडीतून फिरता येतं, कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी. बेट अधिक सफारी, फेरीबोटीच्या तिकिटात.

आणि बिबट्या बघायला लोक श्रीलंकेला जातात, इथं म्हादई अभयारण्यात पट्टेरी वाघ आहे. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला चार वाघ विष घालून मारले, तेव्हा निम्म्या गोव्याला कळलं की आपल्याकडे वाघ होता. २०२३ मध्ये हायकोर्टाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं तर सरकार सुप्रीम कोर्टात. आपण मात्र डॉलर घेऊन दुसऱ्याची जंगलं वाचवायला निघालोय.

रानवाट
म्हादईकर, मुद्दा पटतो आणि चोडणला मी दर हिवाळ्यात जातो. पण मे मध्ये चोडणला पाहुणे पक्षी नसतात, घाम असतो. आणि म्हादईत वाघ पर्यटकाला दिसायला ठेवलेला नाही, नाही दिसत तेच बरं आहे. वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

म्हादईचो_वाघ
काढतो.

कोलंबो_रिटर्न
कामानिमित्त श्रीलंकेत राहून आलोय म्हणून लिहितो, लांबलं तर माफ करा.

यालाबद्दल लोक भरभरून बोलतात आणि बिबट्याची शक्यता तिथं खरंच चांगली आहे, तिथं वाघ-सिंह नाहीत त्यामुळे बिबट्याच राजा, दिवसाढवळ्या खडकावर पसरलेला असतो. पण 'ब्लॉक वन' नावाच्या भागात सकाळी गेट उघडल्यावर जीपची जी रेस लागते ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला लाजवेल. एकाला बिबट्या दिसला की सगळ्यांचे फोन वाजतात आणि पाच मिनिटात तीस-चाळीस जीप एकमेकांना चिकटून उभ्या, मध्ये धूळ आणि डिझेल. आमच्या ड्रायव्हरला मी सांगितलं की बिबट्या नको, गर्दी नाही तिकडे ने. त्याला आधी पटेना, मग एका तळ्याकाठी नेऊन गाडी बंद केली, आणि तिथं अस्वल पालूच्या झाडावर चढून फळं खात होतं. पालू म्हणजे आपली रांजणं. मे-जून-जुलै हाच त्या फळांचा मोसम. खाली पडलेली खायला डुकरं आणि हरणं, वरून अस्वल फांद्या हलवतंय. त्या आवाजाशिवाय काही नाही. तासभर बघत बसलो.

यालात आत समुद्रकिनारी पटनंगल म्हणून जागा आहे, तिथं जीपमधून उतरायची परवानगी असते. २००४ च्या त्सुनामीत तिथला बंगला आणि माणसं गेली, आता फक्त जोतं आणि स्मारक आहे. पोरांना घेऊन गेलात तर आधी कल्पना द्या.

पण नंदूंसाठी याला लांब पडेल. तुम्ही हबरणा धरा. कोलंबोहून चार-पाच तास, तिथून मिन्नेरिया, कौडुल्ला, हुरुलू ही तिन्ही जंगलं हाकेच्या अंतरावर, आणि त्रिंकोमालीचा किनारा दोन तासांवर. मिन्नेरियाच्या तळ्यावरचा तो हत्तींचा मोठा मेळावा ऑगस्ट-सप्टेंबरात भरतो, पाणी आटून हिरवं गवत उघडं पडतं तेव्हा. मे मध्ये शेकड्यांनी दिसणार नाहीत, पण कळप दिसतात, आणि सगळे हत्ती कुठल्या बाजूला आहेत ते जीपवाल्यांना रोज सकाळी ठाऊक असतं. आदल्या दिवशी पार्क ठरवून पैसे भरू नका, त्या दिवशी विचारा.

फोंडेकर_नंदू
वा! म्हणजे बिबट्या सोडावा लागेल?

कोलंबो_रिटर्न
बिबट्यासाठी वाटेत विल्पट्टू आहे, देशातलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान, दाट झाडी आणि मध्येमध्ये नैसर्गिक तळी, गर्दी यालापेक्षा पुष्कळ कमी. पण बिबट्या दिसेलच असं नाही, आणि पूर्ण दिवसाची जीप बाबांना झेपायची नाही, अर्ध्या दिवसाची घ्या. तिसरीतल्या मुलाला आधीच सांगा की जंगल म्हणजे टीव्ही नाही. नाहीतर दुपारी रडारड.

काणकोणकार_कासव
मुलीसाठी सांगते. त्रिंकोच्या वर नीलावेली आहे, समोर पिजन आयलंड, ते राष्ट्रीय उद्यान आहे, होडीने पंधरा-वीस मिनिटं. प्रवाळ आणि छोटे काळ्या टोकाच्या पंखाचे शार्क दिसतात, माणसाला काही करत नाहीत. सकाळी पहिल्या होडीने जा. प्रवाळावर पाय ठेवून उभं राहणारे नग तिथंही भेटतात, पोरीला सांगून ठेवा. लाइफ जॅकेट नीट बघून घ्या, आपल्याकडे असतात तसे लाइफगार्ड तिथं प्रत्येक किनाऱ्यावर नाहीत.

आणि विनंती, रस्त्यात 'टर्टल हॅचरी'च्या पाट्या दिसतील, पिल्लं टाकीत ठेवून फोटोला हातात देतात, तिथं जाऊ नका. आमच्या गालजीबागला वनखातं अंड्यांभोवती कुंपण घालून बसतं आणि पिल्लं बाहेर आली की सरळ समुद्रात सोडतात, हात लावून फोटो वगैरे लाड नाहीत. हत्तीचंही तेच, पाठीवर बसवतात ते नको. तुमच्या वाटेवर नाही, पण कधी दक्षिणेला गेलात तर उडवलवेचं अनाथ पिल्लांचं केंद्र बघा. १९९५ पासून चालू आहे, लांबून ओट्यावरून बघायचं, पिल्लं दूध पिऊन परत आत पळतात, मोठी झाली की जंगलात सोडतात.

फिरंगी_नाका
नंदू, आईबाबांचं देऊळ राहिलं. त्रिंकोमालीत कोणेश्वर आहे, समुद्रात घुसलेल्या कड्यावर शंकराचं देऊळ. मूळ देऊळ पोर्तुगीजांनी १६२२ च्या सुमारास पाडलं आणि दगड किल्ल्याला वापरले, आताचं विसाव्या शतकात उभं राहिलं. पोर्तुगीजांच्या भीतीने कुठ्ठाळीहून रातोरात मंगेशी प्रियोळला आणलेल्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. बाबांना तिथं नेताना थोडा चढ आहे, सावकाश जा, दुपारी नको, पायाखालची फरशी तापते.

फोंडेकर_नंदू
हे आईला वाचून दाखवलं आणि विषयच संपला. ती म्हणते झांझिबार कॅन्सल, कोणेश्वर करायचं. बाबा म्हणतात आपलं कुलदैवत मंगेशी, त्यामुळे जाणं भागच आहे. म्हणजे हबरणा, मग नीलावेली, आणि जाता-येता विल्पट्टू जमलं तर. सिगिरियाचा खडक वाटेत दिसतोय नकाशावर, तो चढावा का?

रानवाट
बाराशेच्या आसपास पायऱ्या. तू आणि मुलं पहाटे चढा, बाबांना खालच्या बागेत चहा. मे मध्ये उशीर केलास तर वरच्या लोखंडी जिन्यात भाजून निघशील. आणि व्हिसाचा ईटीए (ऑनलाइन परवाना) अधिकृत सरकारी साइटवरूनच काढ, सारख्या नावाच्या बऱ्याच साइट आहेत, जास्तीचे पैसे घेतात.

सुशेगाद_बाब
जेवणाचं कोणी बोललंच नाही. एवढी चर्चा, आणि नुस्त्याचा (मासळीचा) पत्ता नाही!

कोलंबो_रिटर्न
बाब, काळजी नको. भात आणि चार-पाच कालवणं, नारळाशिवाय पान हलत नाही. अंबुल थियल म्हणून ट्यूनाचं आंबट सुकं करतात, त्यात गोरका घालतात, आपल्या भिंडाच्या (कोकमाच्या) सोलांचाच भाऊबंद. बाहेरच्यांना तिखट लागतं, तुम्हाला नाही लागणार. सोमवारवाल्यांसाठी डाळ, फणसाची भाजी, आणि खोबऱ्याचं पोल सांबोल, त्यात कधीकधी सुक्या माशाची पूड असते, तेवढं विचारून घ्या.

फोंडेकर_नंदू
आई विचारतेय, सुकी मासळी तिथं चांगली मिळते का. मे महिना म्हणजे पुरुमेताचे, पावसाळ्याच्या बेगमीचे दिवस, इथली खरेदी राहून जाणार याचं तिला टेन्शन.

कोलंबो_रिटर्न
मिळते, करवला म्हणतात, त्रिंकोच्या बाजारात ढीग असतात. पण विमानात आणू नका हो.

मडगांवची_मावशी
आणू दे की. तीन पिशव्या, वर वर्तमानपत्र, वर चेपून टॉवेल.

वास्कोकार_डॉक्टर
कस्टमवाले माझ्या गल्लीतच राहतात, मावशी. नाव सांगून ठेवू का?